मोजलेली हवा

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मी कोणाची समजूत काढायला बसलेलो नाही. हे माझ्या सख्ख्या मामांच्या गॅरेजमध्ये घडलंय. काल, मंगळवारी. भरदुपारी, पावणेचारला.

मामा टर्बो गाड्यांचे मिस्त्री. हाताला कसब, जीभ तिखट, आणि चूक कबूल करणं रक्तातच नाही.

त्या दिवशी दोन नंबरच्या रॅम्पवर एक चेपलेली लाल गाडी उभी होती. तिचा मालक, सव्वीस वर्षांचा मुलगा, तीन आठवड्यांपूर्वी उताराच्या वळणावर अपघातात गेला.

त्याला हौस होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की 'फुस्स' आवाज यायला हवा. मामांनी टर्बोची जादा हवा बाहेर सोडणारी उघडी झडप बसवून दिली. पण हवा मोजणारा सेन्सर झडपेच्या आधी होता. म्हणजे सेन्सर हवा मोजणार, झडप ती बाहेर फेकणार, आणि इंजिनात न पोहोचलेल्या हवेच्या हिशेबानेही पेट्रोल ओतलं जाणार. पाय काढला की इंजिन गुदमरणार. सेन्सर झडपेच्या पुढे नेऊन सगळं सेटिंग नव्याने करायला हवं होतं. फार तर एका दिवसाचं काम.

"चालतंय रे, काही होत नाही," म्हणून मामांनी चावी दिली.

अपघाताची बातमी आली तेव्हा काय झालं असेल ते मामांना तिथल्या तिथे कळलं. उतारावर पाय काढला, इंजिन बंद. स्टेअरिंग जड, ब्रेक घट्ट.

घरच्यांनी मोडकी गाडी विश्वासाने मामांकडेच आणून ठेवली. आणि मामांनी काय केलं? उघडी झडप काढून टेबलाच्या खणात टाकली. हवा आतच फिरवणारी कंपनीची बंद झडप परत लावली. केलेल्या कामाची नोंद असलेलं जॉब कार्डही नवं झालं. माझे मामा असले तरी सांगतो, हा नीचपणा होता.

गुरुवारी चौकशीचे साहेब येणार. राहिलं होतं एकच काम, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी पुसायचं.

मामांनी बॅटरी जोडली. चावी फिरवली. लॅपटॉप लावला.

इंजिन तर फुटलेलंच होतं. सेन्सर तुटक्या पाइपसकट वायरीला लोंबकळत होता. पडद्यावर हवेचा आकडा शून्य असायला हवा.

आकडा हलला...

एक. दोन. चार. मग खाली. तीन... एक... शून्य.

पुन्हा वर.

"वायर गेली वाटतं," मामा पुटपुटले. त्यांनी पंखा बंद केला. सेन्सरभोवती फडकं घट्ट गुंडाळलं.

आकडा तसाच. वर... खाली... वर...

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या पत्र्याच्या दुकानातली ठोकाठोक थांबली आहे. रस्त्यावरचे हॉर्नही. ऐकू येत होता तो फक्त त्यांचा स्वतःचा श्वास.

मामांनी श्वास रोखला.

शून्य.

सोडला, घेतला.

चार.

सेन्सर त्यांच्यापासून चांगला चार हात लांब होता.

फोन वाजला. त्या मुलाची आई.

"भाऊ, एक विचारू का? लोक म्हणतात, पोरगा माजला होता, वेगात होता. तुम्ही गाडी उघडून बघितलीत. खरं सांगा, गाडीत काहीच नव्हतं?"

मामांनी खोल श्वास घेतला. पडद्यावर आकडा चढला. सहा. आठ. अकरा...

"काही नव्हतं हो, ताई. झडप कंपनीचीच..."

...फुस्स.

टेबलाच्या खणातून.

आणि मामांचा आवाज तिथेच संपला. तोंड उघडं, छाती भरलेली, पण आत हवाच नाही. ती बाई "भाऊ? भाऊ?" करत राहिली. मामा खाली कोसळले. पडद्यावर अकराचा आकडा तसाच उभा होता.

मी चहा घेऊन आलो तेव्हा ते निळे पडले होते. आधीचं सगळं त्यांनीच नंतर तुटक तुटक सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. फुप्फुसं स्वच्छ. मामा मात्र कालपासून उशांना टेकून बसलेले आहेत. "श्वास घेतो रे... छाती भरते... पण पोहोचत काहीच नाही," एवढं बोलायला त्यांना तीन दम लागतात.

मी म्हटलं, "मामा, उद्या खरं सांगून टाका."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

उद्या गुरुवार. मामांनंतर साहेब मला विचारणार आहेत, कारण ते नवं जॉब कार्ड माझ्या अक्षरात आहे. खाली सहीसुद्धा माझीच.

आज दुपारी घरी आरशासमोर उभं राहून एकदा म्हणून बघितलं. "साहेब, झडप कंपनीचीच..."

वाक्य पुरं झालं नाही.

ती झडप अजून गॅरेजच्या खणात आहे, कुलपात. चावी माझ्या खिशात आहे.

आवाज मात्र माझ्या पाठीमागून आला.