चुकीच्या परसातले ट्यूलिप

परसदार उघडलं आणि दात घासणारा तिचा हात जागच्या जागी थांबला.

ती दातांची डॉक्टर होती. घासताना मध्येच थांबू नका, हे लोकांना दिवसभर बजावणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. पण समोरचा प्रकारच तसा होता. कपडे वाळत घालायची दोरी आणि दोरीखाली ओसाड मातीची पट्टी, एवढाच त्या परसाचा ऐवज. थंडीभर तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज त्या पट्टीवर ट्यूलिप उभे होते. लाल, पिवळे, मधूनच एखादा वांगी रंगाचा, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीने. आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून एक अनोळखी पुरुष बसला होता. जत्रेत हरवलेलं पोर पोलीसचौकीत बिस्किट खाताना सापडलेल्या बापासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"कोण आहे?" ती तोंडातल्या फेसासकट ओरडली.

तो दचकून उठला. "ही… ही माझी फुलं आहेत."

जे गिळू नका म्हणून ती लहान मुलांना रागवायची, ते तिने गिळून टाकलं. "घर माझं, माती माझी, आणि फुलं तुमची?"

"हो. म्हणजे — पानगळीच्या दिवसांत मीच कंद लावले. मला वाटलं, हे माझं परस आहे."

"आणि तुमचं परस कुठेय?"

त्याने बुटक्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तिथे जमीन अगदी गुळगुळीत होती आणि शेजारी पाण्याची झारी. "थंडीभर मी तिथे पाणी घालतोय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नुसत्या मातीला."

तिला हसू फुटत होतं; पण चोराला हसून दाखवायचं नसतं. "करता काय आपण?"

तो जरा घुटमळला. "मोजणी."

"कसली?"

"जमिनीची. लोकांच्या हद्दी ठरवून देतो."

हसू आवरायला तिने दाराची चौकट घट्ट धरली.

झालं होतं ते असं. त्याने शेजारचं घर घेतलं होतं; पण कंद थंडीआधी मातीत गेले पाहिजेत म्हणून ताबा मिळायच्या आतच तो मागच्या गल्लीने आला होता. त्या ओळीतली घरं जुळ्या भावंडांसारखी. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचं घर मोजताना गल्ली उलट्या टोकाकडून धरली होती.

आरडाओरडा ऐकून आत्या बाहेर आली. आईवडिलांमागे या आत्यानेच तिला वाढवलं होतं. "अगंबाई! हा तर आपला माळी!"

"आत्या, आपल्याकडे माळी कधी होता?"

"तू नव्हता धाडलास? मग मी याच्याकडून पुढचं सगळं कुंपण छाटून घेतलं ते?"

"छाटलं मी," तो नम्रपणे म्हणाला. "मला वाटलं, घर सोडून चाललेल्या मालकीणबाई आहेत. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"म्हातारी कोण?" आत्या म्हणाली.

डॉक्टरने विषय बदलला. "बरं, घेऊन जा तुमची फुलं. लगेच उपटा."

आता धक्का बसायची पाळी त्याची होती. "उपटा? अहो, दात आहेत का ते? फूल गेलं तरी पानं ठेवायची. पानं कंदाला पोसतात. ती पिवळी पडून सुकली की मगच कंद काढायचे. तोवर…" त्याने टोपी हातात फिरवली, "तोवर मी येऊन बघून गेलो तर चालेल?"

"दाराने या," ती म्हणाली. "भिंतीवरून नको."

ती हे असं का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही.

तो दाराने येऊ लागला. आला की आधी प्रत्येक फुलाची विचारपूस, मग आत्याची, आणि सर्वांत शेवटी, भिंतीकडे बघत, डॉक्टरची. हे कंद त्याच्या आईच्या बागेतले होते. आई आता तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली होती आणि तिथल्या गॅलरीत धड खुर्चीसुद्धा मावत नव्हती. साऱ्या बागेतलं एवढंच काय ते उरलं होतं. दर रविवारी फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "कशी आहेत रे माझी पोरं?"

हवा बदलत गेली. स्वेटर आधी खांद्यावर आले, मग कपाटात गेले. एका संध्याकाळी पावसाची हलकी सर आली आणि पाकळ्या मिटल्या. दोघं वळचणीला उभे राहिले, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर राखून. अंतर त्याने राखलं होतं. मोजमापात तो पक्का होता, गल्लीचा अपवाद सोडला तर.

"तुम्ही हसताना तोंडावर हात का धरता?" तिने विचारलं.

"डावीकडचा एक दात वाकडा आहे. दातांच्या डॉक्टरसमोर कोण दाखवणार?"

"बघू."

त्याने हात काढला. तिने पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"वाकडा आहे?" त्याने घाबरत विचारलं.

"आहे. राहू द्या." आणि मग तिचं तिलाच नवल वाटावं असं ती बोलली, "शोभतो."

आजवर तिने कुठल्याही दाताला असं सोडलं नव्हतं. त्या रात्री ती आरशात बघून स्वतःलाच म्हणाली, 'तुला झालंय काय?' आरसा लाजला.

मग फुलं गळली. एका सकाळी तिला एका पानाच्या टोकावर पिवळा ठिपका दिसला. पानं सुकणार, कंद निघणार, आणि मग या माणसाला आपल्या दारात यायला निमित्त काय उरणार?

"आता पाणी बंद करा हं," तो सांगून गेला. "कोरडं राहू दे."

त्याची पाठ वळताच तिने बादली भरली. पाणी मिळालं की पान हिरवं राहतं, एवढंच तिचं वनस्पतिशास्त्र. दवाखान्यातून आली की रोज एक बादली.

"अगं, तो नको म्हणाला ना?" आत्याने खिडकीतून विचारलं.

"ऊन किती वाढलंय, आत्या!"

"ऊन? आभाळ भरून आलंय!"

पानं मात्र हट्टी निघाली. पिवळी व्हायचीच ती झाली. सुट्टीच्या दिवशी तो खुरपं आणि टोपली घेऊन आला तेव्हा ती आतून मोडून गेली होती, पण चेहरा दवाखान्यातला ठेवून शेजारी बसली.

पहिला कंद निघाला आणि सडकी घाण सुटली. त्याच्या बोटांत नुसता चिखल आला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

ती पुटपुटली, "मी… मी पाणी घालत होते."

"काय?"

"रोज. बादलीभर. पानं हिरवी राहावीत म्हणून. कुजतात हे मला खरंच माहीत नव्हतं. तुमच्या आईची…"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू पाणी घालत होतीस?"

'तू' दोघांनाही ऐकू आलं. कोणीच दुरुस्त केलं नाही.

"का पण?"

"पानं सुकली असती, तर तुम्ही आला नसता ना."

त्याने खुरपं खाली ठेवलं. मग मातीकडे बघत म्हणाला, "तरीच. माझ्या एका झारीने इतके कुजणार नाहीत, हा माझा हिशेब होता."

"तुमच्या — कुठल्या झारीने?"

"पहाटे. भिंतीवरून."

ती मातीत बसकणच मारून बसली. "तुम्हाला तर माहीत होतं, कुजतात ते!"

"होतं."

"आईचे कंद! आणि माहीत असून?"

"थोडे कुजतील म्हटलं. थोडे दिवस मिळतील म्हटलं." त्याने मान वर केली. तोंडावर हात न धरता, अगदी कसनुसं हसला. "मला काय ठाऊक, इथे आणखी कोणीतरी तेच करतंय?"

टोपलीत शेवटी तीन धड कंद आले. त्याने मातीच्या हातानेच फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. त्यात एक शब्दही लपवला नाही; डॉक्टरला कुठे तोंड लपवावं ते कळेना. पलीकडून आधी किंकाळी आली. मग शांतता. इतका वेळ, की त्याने फोन कट झाला का ते दोनदा पाहिलं. मग खणखणीत आवाज आला, "माझी पोरं बुडवण्याइतकी अक्कल कोणापायी गेली तुझी? दे तिला फोन."

तिने फोन कानाला लावला. दिवसभर लोकांची तोंडं उघडणाऱ्या बाईचं स्वतःचं तोंड उघडेना.

"चूक… चूक माझी आहे," ती कशीबशी म्हणाली.

"दोघांची आहे. रडले मी आता, झालं. उरलेले तीन कुठे लावणार?"

"ते आमचं अजून ठरायचंय," ती म्हणून गेली, आणि 'आमचं' ऐकून भिंतीपाशी बसलेला मोजणीवाला, खिडकीतली आत्या आणि ती स्वतः, तिघंही एकदमच दचकले.

एकटी फोनवरची बाई दचकली नाही. "ठरवा, ठरवा," ती म्हणाली. "थंडी पडायला अजून अवकाश आहे."