शुक्रवारची फळी

कुवेतमध्ये आम्ही रविवार शुक्रवारी पाळतो, कारण सुट्टी शुक्रवारची. अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सकाळी दहाला नगर-जालन्याकडची चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं जमायची. खिडक्या बंद, एसी मोठा, आणि गाणी ओठातल्या ओठात. हळू गा, असं आम्हाला कुणीही सांगितलेलं नव्हतं. भाड्याचं घर, विनापरवाना सभा आणि दुसऱ्याच्या हातातला व्हिसा, एवढं पुरतं माणसाचा आवाज बसायला.

मी इस्पितळात लोकांचे कान तपासतो. कुठल्या भिंतीतून किती आवाज जातो हे मला चांगलं कळतं. म्हणूनच खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे यूसुफभाई लिफ्टमध्ये बोलले तेव्हा मी चमकलो.

“अभिनवभाऊ, तक्रार नाय हां. पन जुम्म्याच्या सकाली तुमच्याकडं लाकडावर काय ठोकतात?”

“काहीच नाही ठोकत.”

“मी पन तेच म्हनलो. मला कायच ऐकू येत नाय. आई सांगते.”

त्यांच्या आईचे कान मीच तपासले होते. दोन्ही कामातून गेलेले.

पुढच्या शुक्रवारी मी ही गोष्ट गंमत म्हणून सगळ्यांना सांगितली. कुणी हसलं नाही. आमच्यात इलियास नावाचे इराकमधल्या मोसुलकडचे एक ख्रिस्ती म्हातारे येत. त्यांची माणसं ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती, म्हणून मराठीचं अक्षर कळत नसतानाही ते आमच्यात येऊन बसत. संपदानं, माझ्या बायकोनं, त्यांना इंग्रजीतून समजावलं.

“फळी,” ते म्हणाले. “पाच-सहाशे वर्षांपूर्वी, सुलतानांच्या राज्यात, आमच्या गावाला घंटा मना होती. प्रार्थनेला बोलवायचं तर लाकडाची फळी ठोकायची. तीही हळू. बाहेर आवाज जाता कामा नये.”

“मग आपल्या माणसांना कसं कळायचं?”

“कळायचं.” त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुला नाही येत ऐकू?”

संपदानं मान खाली घातली.

त्याच आठवड्यात तपासणीच्या बंद खोलीत एक कुवेती आजोबा हेडफोन लावून बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं, म्हणजे माझ्यासमोर दिवा लागतो, एवढंच काम. मी सूर सोडण्याआधीच त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी सूर पूर्ण बंद केला, तरी माझ्यासमोरचा दिवा एका लयीत लागतच राहिला. काय ऐकू येतं, असं विचारलं तर म्हणाले, “खशब.” म्हणजे लाकूड.

मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. काही नव्हतं.

खरं सांगतो, मला भुताखेताची भीती वाटली नाही. भीती वाटली ती घरमालकाची. आज खालची म्हातारी, उद्या शेजारचा कुणी, परवा नोटीस. बारा वर्षांत जमवलेला संसार मला एका फळीपायी उधळायचा नव्हता. मी ग्रुपवर मेसेज टाकला की आमच्याकडची प्रार्थना यापुढे बंद. एकानंही का म्हणून विचारलं नाही. ते फार लागलं.

इलियासचा मात्र फोन आला. “आमच्यातही एकानं असंच केलं होतं,” ते म्हणाले. “सुलतानानं सांगायच्या आधीच.” आणि फोन ठेवला.

शुक्रवारी मी दार लावून सोफ्यावर बसलो. संपदानं हॉलमध्ये सतरंजी अंथरली.

“कोणासाठी?”

“दहा वाजले,” ती म्हणाली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि जाऊन दार उघडलं.

जिना रिकामा होता. ती एका बाजूला सरून उभी राहिली, पाहुणे आत येताना राहतात तशी. बराच वेळ राहिली. मग दार लावून खाली बसली.

मला एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तिचे ओठ हलले. थांबले. दुसऱ्या कुणाची ओळ गाऊन होईपर्यंत थांबावं तसे. पुन्हा हलले. इतकं मोकळं गाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्यातला एक शब्द ऐकू येईना.

मी तिला हाक मारली. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

“अहो, सरका जरा,” ती हळूच म्हणाली. “इतक्या लांबून आलेल्या म्हाताऱ्या बाईंना किती वेळ उभं ठेवायचं?”

मी सरकलो.

माझ्या शेजारची गादी हळूहळू खाली दबली.