शिगरामाच्या पितळी पट्ट्या

"बाई, शिगराम हाच का?"

मी मान हलवली.

"कडेच्या पट्ट्या सगळ्या काढायच्या, की वाकलेल्याच?"

मी गप्प. त्याला वाटलं, मला ऐकू येत नाही. मग तो असा ओरडला, की तबेल्यातला आमचा घोडासुद्धा दचकला. "पट्ट्या! सगळ्या? की वाकलेल्या?"

आतून बिट्रिस मावशी हसत आली. "अरे, बहिरी नाही रे ती! आमच्या सेसिलियाचा उपवासकाळाचा नेम आहे, बापाच्या डोळ्यांसाठी. चाळीस दिवस, चर्चची दुपारी बाराची घंटा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तू सगळ्या काढ."

तो लाजला... पार कानाच्या पाळ्यांपर्यंत. जेरोम त्याचं नाव. ठाण्याच्या बाजारात घोडागाड्या दुरुस्त करायचा. साल अठराशे चौऱ्याऐंशी. ईस्टरनंतर माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, आणि फाटकाला घासून आमच्या शिगरामाच्या, म्हणजे घरच्या घोडागाडीच्या, पितळी पट्ट्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या.

मला वाटलं, हा आता हातोडी घालून खटाखटा उपटणार. पण नाही. गरम पाण्यात फडकं पिळून तो पट्टीवर धरून ठेवी. आतली राळ मऊ झाली, की लाकडाची पातळ पाचर सरकवी—बोटभर... मग थांबे... मग आणखी बोटभर. पहिली पट्टी सुटली, तेव्हा खालचा मोरपंखी रंग जसाच्या तसा होता. एक ओरखडा नाही.

"बघा," तो म्हणाला, "वीस वर्षांत याला ऊन लागलेलं नाही."

मी वाकून पाहिलं. तो मात्र रंगाकडे बघत नव्हता.

रोज अकराला तो बाजारात परते, म्हणजे माझी घंटा व्हायच्या आतच. "आजही रुसवा का?" तो रोज विचारी, आणि मी पदरात हसू लपवी. पायरीवर जपमाळ घेऊन बसे, पण मणी पुढे सरकत नसत. देवा, क्षमा कर.

आठव्या दिवशी शेवटची नवी पट्टी बसवताना त्याचा हात थांबला. माझ्या नेमाचे दोनच दिवस उरले होते.

"भुसावळला रेल्वेचे डबे बांधायचं काम आहे, बाई. मुकादम साडेदहाच्या गाडीनं माणसं नेतोय. आज नाही गेलो, तर जागा गेली." त्यानं वर पाहिलं. "मी जाऊ... की राहू?"

मी जोरात मान हलवली.

"म्हणजे जाऊ नको, की राहू नको?"

मी हात हलवले, कपाळाला हात लावला. त्याला हसू येत होतं, मला रडू. शेवटी माझे ओठ उघडले—

"नका!" त्यानं चटकन हात वर केला. "बाबांसाठी धरलेला नेम माझ्यासाठी मोडू नका. मी बसतो."

स्टेशनातून शिट्टी आली. खाडीच्या पुलावर गाडीचा धडधडाट झाला आणि विरला. तो हलक्या हातानं खिळे ठोकत राहिला. हातची जागा गेली होती, आणि उत्तर तर अजून मिळालंच नव्हतं! असा माणूस मी पाहिला नव्हता.

बारा वाजले. घंटा झाली. आम्ही दोघं उठलो, हात जोडले, मरियामातेची प्रार्थना म्हटली. तो एका डोळ्यानं बघत होता. मला ते कळलं, कारण मीही बघत होते.

"राहा," मी म्हणाले.

"एवढंच? दीड तास बसलो, त्याचा एकच शब्द?"

"आणखी हवेत?"

"रोज हवेत."

"सकाळी मिळणार नाहीत हं... अजून दोन दिवस."

"दुपारी येईन."

"मग आधी आत जाऊन बाबांना विचारा."

पटाशी, पाचर, खिळे—सगळं तसंच अंगणात टाकून तो धावत ओटी चढला. मी एकेक वेचून पदरात घेतलं.