टिटवीची पस्तीस मिनिटं

अलिबागहून नागपूर हवेतून सातशे किलोमीटर. मग नागपूरहून अलिबागही सातशेच ना? तरी आमच्या विमानतळावरची यंत्रवैमानिक (विमान चालवणारा रोबो) टिटवी थंडीत जाताना पावणेदोन तास घेते आणि येताना दोन तास वीस मिनिटं. मधली पस्तीस मिनिटं ही बया करते काय?

मी कस्तुरी, कोळ्याची पोर. आमच्याकडे एखादी होडी रोज उशिरा यायला लागली, की सगळे ओळखतात. तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) मासळीची नवी जागा सापडलीय आणि तो ती लपवतोय! टिटवीही नक्की कुठेतरी गुपचूप उतरत असणार. "वर वारा असतो," असं ती म्हणाली खरी, पण विमानतळावरचं निशाण मी पाहिलं होतं. अगदी लुळं पडलेलं. म्हणजे थापच! मी सरळ तक्रार ठोकली.

विमानतळाचं उत्तर आलं: यंत्रात बिघाड असेल, म्हणून शनिवारी संध्याकाळी पाच वाजता टिटवीची स्मृती पुसणार. तक्रार मागे घ्यायची तर त्याआधी विमानतळावर येऊन अंगठा लावायचा. चोर तर पकडायचा होता, पण कुणाचं डोकं कोरं करायचं म्हणजे... म्हणून शनिवारी आज्याला घेऊन मी स्वतःच टिटवीच्या विमानात बसले.

आज्यानं नकाशावर वाटेतली, एकमेकांपासून पन्नास किलोमीटरवर असलेली दोन धरणं दाखवली. जाताना ते अंतर साडेसात मिनिटांत कापलं. पावणेतीनला परत निघालो, तर त्याच अंतराला दहा मिनिटं! घड्याळ माझं, डोळे माझे. टिटवी कुठे वळली नाही, उतरलीही नाही.

"बाय, ओहोटीला खाडीतून समुद्राकडे होडी सोडलीस तर?" आज्यानं विचारलं.

"भुर्रकन जाते."

"आणि त्याच ओहोटीत परत यायचं तर?"

"हात भरून येतात! वल्ही तितकीच मारली तरी होडी सरकत नाही."

"माझंही तेच होतं," टिटवी म्हणाली. "हवेतला माझा वेग दोन्हीकडे ताशी साडेतीनशे किलोमीटर. पण थंडीत इतक्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. आज ताशी पन्नास. जाताना तो पाठीशी, म्हणून भूवेग (जमिनीच्या हिशोबानं वेग) चारशे. येताना समोरून, म्हणून तीनशे."

"पण निशाण?"

"ते जमिनीवर आहे. मी चार किलोमीटर वर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "आपण पाच वाजून पाच मिनिटांनी पोचू."

"अगं, पाचला तुझी स्मृती जाणार! आणि तू शांतपणे सांगतेस?"

"घाबरायला मला शिकवलेलं नाही."

मला मात्र रडूच फुटलं. ओहोटीत परतताना आजा काय करतो? धारेतून नाही, काठाकाठानं वल्हवतो. तिथे ओढ कमी असते!

"टिटवी, खाली वारा कमी आहे ना? मग खालून चल!"

"खालची हवा दाट, बॅटरी जास्त खर्च होते. म्हणून मी वरून जाते." तिनं बॅटरीचा हिशोब केला. "पण आज बॅटरी पुरेल."

चार अठ्ठावन्नला उतरलो. मी धावत जाऊन अंगठा लावला आणि तशीच परत पळाले. पाच वाजले, पाच वाजून गेले. माझा अजूनही विश्वास बसेना.

"टिटवी, माझं नाव काय?"

"कस्तुरी. तक्रार करणारी," ती म्हणाली. "आणि आजच्या वाटेचं नाव मी 'कस्तुरीचा काठ' ठेवलंय. पुढच्या शनिवारी आणखी काठ शोधायला येशील?"