सिमोनाचं मिनिट

“सिस्टर, वसईच्या का तुम्ही?”

झालं. पंचेचाळीसपर्यंत आलेली सिमोना अडखळली आणि पुढचा आकडा जो निसटला तो निसटलाच. नाडी मोजताना पेशंटनं बोलायचं नसतं, एवढी साधी गोष्ट या माणसाला कळू नये? तिची तीन बोटं त्याच्या मनगटावर होती, नजर स्वतःच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होती आणि हा गावाची चौकशी करत बसला होता. तिनं डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं.

“तुमचे ओठ हलत होते,” तो हळूच म्हणाला. “चव्वेचाळीस, पंचेचाळीस... मराठीत. आणि बिल्ल्यावर डाबरे लिहिलंय, म्हणून विचारलं.”

आता यावर रागवायचं तरी कसं? नऊ वर्षं ती नर्स होती. रिपोर्ट इंग्रजीत लिहायची, डॉक्टरांशी हिंदीत बोलायची, पण मोजायची मात्र वसईजवळच्या भुईगावच्या शाळेत शिकलेल्या आकड्यांनीच. ते आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. याच्या आलं. हा मार्विन तुस्कानो, वसईकडच्याच नंदाखालचा, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर क्रेन चालवणारा. दर दोन वर्षांनी कंपनी या लोकांना फिटनेससाठी पाठवायची, आणि दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या त्या छोट्याशा क्लिनिकमध्ये दोन हजार पाच सालच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी तो तिच्यासमोर येऊन बसला होता. नाव, गाव, काम हे सगळं तिला त्याच्या फॉर्मवरून कळलं. गालाला खळी पडते, हे फॉर्मवर नव्हतं.

“बोलू नका. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल,” ती म्हणाली.

“मोजा की. मला कुठं घाई आहे?”

आता सिमोनाच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. कारण अख्ख्या क्लिनिकमध्ये घड्याळ घालणारी ती एकटीच उरली होती. बाकीच्या पोरी वेळ बघायला खिशातून मोबाईल काढायच्या. भिंतीवरचं घड्याळ रमजानपासून साडेचारावर बंद पडलं होतं आणि त्याचा सेल बदलावा असं कुणाला वाटलंही नव्हतं, इतकी त्याची गरज संपली होती. सिमोना मात्र रोज सकाळी चहा उकळेपर्यंत आपल्या घड्याळाला चावी द्यायची. तिची थोरली बहीण सेलीन, जिच्या घरी ती राहायची, ती म्हणायची, अगं, घड्याळाला रोज चावी देतेस, तेवढं लक्ष एखाद्या स्थळाकडे दिलं असतंस तर आज दोन पोरांची आई असतीस.

पण सिमोनाचा हेका होता. नाडी मोजायची ती बोटांनी, घड्याळ लावून, पुरती साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणणाऱ्या नर्सना ती फैलावर घ्यायची. आणि आता तर नवीनच थेर निघालं होतं, बोटाला चिमट्यासारखी लावायची मशीन. बाहेरच्या खोलीत हमीद नावाचा केरळी कंपाउंडर पेशंटच्या बोटाला ती लावायचा आणि आकडा लिहून आत पाठवायचा. सिमोना त्या आकड्याकडे ढुंकूनही बघायची नाही. डॉक्टर रुकैयांनाही तिचं कौतुक होतं. मशीन चुकेल, सिमोनाचं मिनिट चुकणार नाही, असं त्या नव्या डॉक्टरांना सांगायच्या.

तर अशा या सिमोनानं मार्विनची नाडी मोजली. हमीदच्या मशीननं शहात्तर सांगितली होती. सिमोनाची आली एकशे आठ.

तिनं भुवया उंचावल्या. जिने चढून आलात का, म्हणून विचारलं, तर क्लिनिक तळमजल्यावरच होतं. चहा किती पिता? सहा-सात कप सुलेमानी, तो म्हणाला, रिगवर दुसरं आहे काय? मग तिनं त्याला दूध नसलेल्या त्या काळ्या चहावरून असं काही झापलं, की बाहेर हमीदनंही आपला कप खाली ठेवला. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि उद्या परत यायला सांगितलं. शंभराच्या वर नाडी असलेल्या माणसाला क्रेनवर चढू देत नाहीत.

बुधवारी तो आला तेव्हा केस नीट विंचरलेले होते आणि शर्टाला इस्त्री होती. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावी कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहणारा एकटा पुरुष मेडिकलसाठी शर्टाला इस्त्री करतो, याची नोंद सिमोनानं मनात केली. आणि तिनं स्वतः त्या दिवशी केसांना नवी क्लिप लावली होती, याची नोंद मात्र केली नाही.

त्यानं मोबाईल टेबलावर ठेवला आणि हात पुढं केला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण होती. तिनं विचारलं, तर म्हणाला, काढून ठेवलं महिन्यापूर्वी, मोबाईल घेतला तेव्हा. रिगवर तर ड्यूटीला भोंगा होतो, जेवायला भोंगा होतो, मग घड्याळ हवंय कशाला? मग तो क्रेनबद्दल सांगत बसला. वर त्या काचेच्या खोलीत तो एकटाच असतो, खाली सगळीकडे पाणी, संध्याकाळी सूर्य बुडताना काचेवर लाल उजेड येतो आणि तेव्हा कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, पण वायरलेसवर फक्त ‘वर घे, खाली घे’ एवढंच बोलायचं असतं...

“आता गप्प बसा,” ती म्हणाली. आवाज हवा होता तेवढा कडक आला नाही.

तिनं मनगट धरलं. काटा बारावर आला आणि तिनं सुरुवात केली. एक, दोन, तीन. हात उबदार होता, तळव्याला लिव्हर ओढून घट्टे पडले होते. मध्येच कधीतरी तिनं मान वर केली, तर तो तिच्याचकडे बघत होता. एखाद्या माणसानं किती सरळ बघावं, याला काही मर्यादा? तिनं नजर खाली वळवली... ओठ हलतच होते.

एकशे चौदा.

तिनं झापल्यापासून त्यानं चहा सोडला होता, तरी आकडा वाढला होता. हमीद बाहेरून ओरडून सांगत होता की मशीनवर पंचाहत्तरच आहे, पण तिनं त्याला उडवून लावलं. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाचा आलेख काढायचा तर तारीख पुढच्या आठवड्यातली होती, आणि मार्विनची बोट रविवारी सुटायची होती. डॉक्टर रुकैयांनी स्पष्ट सांगितलं, गुरुवारी शेवटचं बघू. तेव्हाही शंभराच्या वर गेली, तर अनफिट लिहावं लागेल. अनफिट म्हणजे नोकरी गेली, व्हिसा गेला, खलास. महिन्याभरात माणूस नंदाखालला परत.

त्या रात्री सिमोना जेवली नाही. सेलीननं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, एका पेशंटचं हृदय बरं नाही. सेलीननं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पेशंटचं वय तेवढं विचारून घेतलं.

गुरुवारी दोह्यात पाऊस आला. इथला पाऊस म्हणजे वर्षातून चार-सहादा येणारा पाहुणा, त्यामुळे त्याच्यासाठी गटारं बांधायचं कुणाला सुचलेलं नाही. सगळे चौक तुंबले आणि डॉक्टर पाण्यात अडकल्या. मार्विन मात्र वेळेच्या आधीच हजर. गुडघ्यापर्यंत भिजलेला.

अर्धा तास दोघंच होती. काचेवर पाण्याचे ओघळ, आत ओल्या मातीचा वास... अशा वेळी गोड बोलावं की नाही? पण सिमोनाला गोड बोलणं सुचलंच नाही. तिनं त्याला सगळं खरं सांगून टाकलं, की आज मी जो आकडा लिहीन त्यावर तुमचं सगळं ठरणार आहे, आणि माझ्या हातून तो आकडा लिहिला जाऊ नये असं मला वाटतंय. नऊ वर्षांत असं कधी वाटलं नव्हतं.

तो काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर रुकैया भिजलेला दुपट्टा पिळत आत आल्या. बसल्याही नाहीत. तिच्यामागे उभं राहूनच म्हणाल्या, मोज, मी थांबते.

सिमोनानं मनगट धरलं. मनातल्या मनात आईमाऊलीची प्रार्थना केली आणि मोजायला लागली. चाळीस. साठ. आज त्याच्याकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ठरवून काय होतं? सत्तरच्या आसपास तिचे डोळे वर गेले. त्याच्या पापण्यांवर पावसाचं पाणी होतं. परत जाईल हा. मग हा हात कुणाच्या हातात... नव्वद. शंभर. एकशे दहा.

“एकशे एकवीस,” ती म्हणाली.

डॉक्टर हातातल्या मोबाईलकडे बघत होत्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “सिमोना, मिनिट तो कब का हो गया.”

सिमोनाला आधी कळलंच नाही. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. काटा बारा ओलांडून दुसऱ्यांदा खालून वर चढत होता. तिनं जवळजवळ शंभर सेकंद मोजले होते. आणि काल? आणि परवा?

डॉक्टरांनी स्वतः नाडी पाहिली. शहात्तर. त्यांनी फॉर्मवर फिट लिहिलं, शिक्का मारला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि हमीदला चहा मागवायला सांगत बाहेर गेल्या. हसू त्यांनी दाराबाहेर जाईपर्यंत दाबून धरलं, हे त्यांचे उपकारच.

सिमोनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. साऱ्या क्लिनिकला मिनिट शिकवणारीनं एका धडधाकट माणसाची नोकरी घालवायची वेळ आणली होती. तिनं त्याची माफी मागितली, एकदा नाही, तीनदा, आणि तिसऱ्यांदा मागताना रडली.

“मला माहीत होतं,” मार्विन म्हणाला.

“काय?”

“मंगळवारपासूनच. मोबाईल समोर होता ना. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात तेव्हा नऊ बेचाळीस झाले होते. चव्वेचाळीस होत आले तरी सोडला नाहीत.”

ती रडायची थांबली. आता तिला राग आला, आणि तो खराखुरा राग होता. म्हणजे हा माणूस तीन दिवस जाणूनबुजून गप्प बसला? व्हिसा गेला असता, घरी बसला असता, तरी ताकास तूर लागू दिली नाही?

“वेडे आहात का तुम्ही?” ती म्हणाली. “सांगायचं नाही?”

“रोज ठरवून यायचो, सांगायचं म्हणून. आत्ताही सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर...” तो थांबला. आतापर्यंत बिनधास्त बोलणारा हा माणूस एकदम जमिनीकडे बघायला लागला. “तर तुम्ही साठ सेकंदांत हात सोडला असता. मला ते नको होतं, सिमोना. तुम्ही मला आवडता. क्रेनवर बसून हे वाक्य कितीतरी वेळा म्हणून पाहिलं असतं, पण क्रेनवर परत जाईन की नाही तेच माहीत नव्हतं.”

बाहेर पाऊस मंदावला होता. सिमोनानं डोळे पुसले. फॉर्मची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. तिच्या मनात आता कसलाही गोंधळ नव्हता, आणि याचंच तिला सगळ्यात नवल वाटलं.

“अठ्ठावीस दिवसांनी सुटी मिळते,” तो म्हणाला. “परत आलो की तुमच्या घरी येईन, विचारायला. चालेल?”

“नाही चालणार,” सिमोना म्हणाली.

त्याचा चेहरा पडला.

“अठ्ठावीस दिवस कशाला? बोट रविवारी आहे ना? उद्या शुक्रवार, ताई आणि अँथनी भावोजी दोघंही घरी असतात. दुपारी जेवायलाच या. आणि भावोजींना सरळ सांगा, सिमोना मला हवी म्हणून. आडून आडून बोललेलं त्यांना कळत नाही, आणि मला आता धीर धरवत नाही.”