बसमधली धरलेली जागा

यतीन पळून गेला, असं लिहून तुम्ही मोकळे झालात. साफ खोटं आहे ते.

वैभवी माझी मावसबहीण. तिच्या डोळ्यांसमोर घडलं तेच सांगतोय, पदरचं काही नाही.

लीड्समधलं तुमचं केअर होम, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारं. गेल्या फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे चार. बाहेर ढगांनी एवढ्यातच अंधारून आलेलं.

वैभवी आणि नागपूरचा यतीन, दोघंही तिथे केअरर. व्हिसा होमच्या हातात, म्हणून नोकरी सोडायची सोय नाही. तिथल्या एक इटालियन आजी दर रविवारी एकच जुना सिनेमा लावायच्या. समुद्राकाठचं गाव, प्रेमात पडलेली आणि गावाला विटलेली चार पोरं. रोज 'निघतो' म्हणतात, निघत कोणीच नाही. लोक हसतात. शेवटी एक मुलगा एकटाच बसमध्ये चढतो.

यतीनला सिनेमा पाठ झाला होता.

"पाहजो, एक दिवस निघूनच जाऊ आपण," तो वैभवीला म्हणायचा.

ती म्हणायची, आधी सुट्टी मंजूर करून आण, मग लग्नाचं बोल.

त्या रविवारी तो आजींजवळ बसला होता. वैभवी चहा करायला गेली. पाच मिनिटं, फार तर सहा.

परतली तर...

खुर्ची रिकामी.

जॅकेट खुर्चीच्या पाठीवर. दारं उघडायचं कार्ड जॅकेटच्याच खिशात. कार्डाशिवाय तिथलं एकही दार उघडत नाही.

तो कुठे गेला, तिने विचारलं. आजींनी हसून टीव्हीकडे बोट दाखवलं.

पडद्यावर बस उभी होती...

खिडकीत निळा युनिफॉर्म, तुमच्या होमचा.

चेहरा पुसट होता. पण त्या पोराने खिशातून रुमाल काढला आणि शेजारच्या सीटवर टाकला. एसटीत आपण जागा धरतो ना, तसा.

इटलीत अशी जागा कोण धरतं?

बस सुटली.

पोलीस येऊन गेले. दहा दिवसांनी तुमचं पत्र आलं.

वैभवीने रविवारची त्या खोलीतली ड्युटी बदलून घेतली. एकदाच जाता जाता दारातून सिनेमाकडे पाहिलं. रुमाल तसाच होता. फक्त...

बस आता लवकर सुटत नाही. ड्रायव्हर मागे वळून बघत थांबतो.

आता ड्युट्यांचा नवा रोटा लागलाय. येत्या रविवारी, चार वाजता, त्याच खोलीत, वैभवी एकटी. मी तिला फोनवर म्हटलं, सरळ नाही म्हण.



"दमलेय रे मी," ती म्हणाली. "निदान बसायला तरी मिळेल."

रोट्यात तिचं नाव त्या खोलीपुढे कोणी लिहिलं? रविवारच्या आत उत्तर द्या.