फानची आई हयात आहे

भांडणात एकाच्या डोक्यात फावडं घातलं म्हणून फानला फाशी ठरली होती. पण फान एकुलता एक, बाप नाही, आई सत्तरीच्या पुढची. अशा आईला बघणारं दुसरं कोणी नसेल, तर पोराला फासावर द्यायचं नाही, फटके मारून घरी धाडायचं, असा बादशाही कायदा. आईच्या सेवेपुढे खूनसुद्धा माफ! फक्त ती जिवंत आहे, हे कचेरीतल्या कोणीतरी डोळ्यांनी पाहून यायचं. म्हणून लुओ कारकून भर थंडीत एकटाच डोंगर चढत होता.

शेवटच्या घराचं दार ढकललं, तर ओल्या मातीचा वास आला. विटांच्या ओट्यावर म्हातारी बसली होती.

"आलास, बाळा? गारठला असशील. पेज घे."

लुओची आई गेली, तेव्हा तो परगावच्या कचेरीत लोकांचे कज्जे लिहीत होता. त्यानंतर त्याला कोणी वाढलं नव्हतं. राळ्याची पेज थंडगार होती, तरी त्याने ती संपवली.

"माझं पोर येईल ना रे?"

"येईल, आई. इथे अंगठा करा फक्त."

उतरताना गावप्रमुख धापा टाकत समोर आला.

"वर गेलात? आधी मला विचारायचंत ना, साहेब! म्हातारीला जाऊन नऊ दिवस झाले. मीच खांदा दिलाय."

"मी आत्ता तिच्या हातची पेज..."

गावप्रमुखाचा चेहरा उतरला. तो मागे न बघता निघून गेला.

लुओने कागद उघडला. अंगठा ठसठशीत उठला होता. खरं लिहिलं, तर फान मेला. त्याने लिहिलं, आई हयात आहे.

फान फटके खाऊन घरी गेला. आई असेपर्यंत घर सोडायचं नाही, असा हुकूम होता, आणि ती आहे की नाही, याची दरवर्षी खातरजमा व्हायची.

पुढच्या हिवाळ्यात लुओ पुन्हा वर गेला. दार फाननेच उघडलं. तिशीच्या माणसाचे केस पांढरेफटक झाले होते.

"हळू बोला, साहेब... आत्ताच डोळा लागलाय तिचा."

लुओने झोळीतून कागद काढला.

"रात्रंदिवस हाका मारते... उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. यंदा तरी लिहा ना, ती गेली म्हणून. सरकारी कागदावर आलं, तर जाईल हो ती."

लुओने उंबऱ्यावर बसून कुंचला शाईत बुडवला. तेवढ्यात आतून कोणी ओट्यावरून उतरल्याचा आवाज आला.

"लुओ आलाय का रे? बाळा, जेवून जा हं..."

ती गेली, तर जेवलास का म्हणून विचारणारं त्याला जगात कोणीच उरणार नव्हतं. त्याने भराभर दोन ओळी लिहिल्या आणि कागद घडी करून छातीशी धरला.

फानला वाचता येत नव्हतं.

"लिहिलंत ना, साहेब?"

"लिहिलं," लुओ म्हणाला, आणि वहाणा काढून आत गेला.